दुखण्याची नोंद

औषधाच्या दुकानदारानं चिठ्ठी परत केली ती उलटी करून. लिहिलेली बाजू खाली, कोरी बाजू वर. दोन बोटांनी काउंटरवरून सरकवली आणि आवाज खाली आणून माझ्या आतेभावाला म्हणाला, "हे आमच्याकडं नसतं. आणि हे असं चारचौघांत दाखवत फिरू नका." मागं गिऱ्हाइकं उभी होती. कुणाला खोकल्याचं औषध हवं होतं, कुणाला शुगरच्या गोळ्या. माझा आतेभाऊ बागायतदार माणूस, मोंढ्यात आडत्याशी तावातावानं भांडणारा. पण तो त्या क्षणी गोरामोरा झाला. चिठ्ठीची चौघडी घालून त्यानं खिशात ठेवली. आम्ही बाहेर आलो. मोटारसायकलला किल्ली लावता लावता तो एवढंच म्हणाला, "डॉक्टरनं लिहून दिलंय की." चिठ्ठीवर मॉर्फीनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या होत्या.

दुकानदाराबद्दल मला राग नाही, तेव्हाही फारसा नव्हता. तो घाबरलेला होता आणि त्याची भीती खरी होती. पण त्याचं ते "दाखवत फिरू नका" माझ्या मनातून जात नाही. घरात आत्या डाव्या कुशीवर पडून होती, तिचा कॅन्सर मणक्यात उतरला होता, आणि तिचं दुखणं कमी करणाऱ्या औषधाचं नाव घेताना तिच्या मुलाला मान खाली घालावी लागली होती. ही लाज कुठून आली?

आत्या नीरा उजव्या कालव्याच्या कडेला राहायची, फलटणच्या बाजूला. घराच्या मागं ऊस, पुढं अंगण, अंगणात लिंबाचं झाड. आवाज असा की कालव्यापलीकडच्या माणसाला हाक मारली तरी तो वळून बघायचा. त्या आवाजाची बाई शेवटच्या महिन्यांत ओठ मिटून पडून असायची. खाटेला कुणाचा पाय लागला तरी तिचे डोळे विस्फारायचे. म्हणून आम्ही सगळे खाटेपासून हातभर लांब बसायचो. नातवंडांना खोलीत पळू द्यायचं नाही, दार आपटायचं नाही. रात्री ती लुगड्याचा पदर दातांत धरायची. सकाळी सून पदर बदलायची तेव्हा तो लाळेनं ओला आणि एका जागी चावून विरलेला असायचा. पॅरासिटामॉल झालं, ट्रॅमाडॉल झालं. तालुक्याच्या गावातले डॉक्टर चांगले होते, घरी यायचे, पण त्यांच्या बॅगेत याच्या पुढचं काही नव्हतं. "पुण्याला न्या," ते म्हणायचे. आणि पुण्याला न्यायचं म्हणजे गाडीचे धक्के. लोणंदच्या फाटकाशी, जेजुरीच्या वळणांवर, दिवे घाटात, प्रत्येक ठिकाणी तिचा हात माझ्या मनगटावर घट्ट व्हायचा.

१९८५ सालचा अमली पदार्थांचा कायदा मी नंतर वाचला. एनडीपीएस म्हणून वर्तमानपत्रात येतो तोच, नट-नट्यांच्या अटकेच्या बातम्यांत. त्याच्या आठव्या कलमात बंदी सांगताना वैद्यकीय आणि शास्त्रीय वापर वगळलेला आहे, म्हणजे कायद्यानं मॉर्फीन कधीच बंद केलं नव्हतं. त्याआधीचा अमली पदार्थांवरचा १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार तर सुरुवातीलाच म्हणतो की वेदना दूर करण्यासाठी ही औषधं अपरिहार्य आहेत, ती मिळतील अशी तरतूद केलीच पाहिजे. आणि लगेच पुढं म्हणतो की व्यसन हे माणसाचं मोठं अनिष्ट आहे, त्याला आळा घातलाच पाहिजे. एका पानावर दोन्ही. पण भारतात कायदा अमलात आला तेव्हा दोन्हींतलं एकच टोक लोकांच्या हातात आलं. किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आणि लाखाचा दंड, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. वैद्यकीय वापराचे नियम प्रत्येक राज्यानं आपापले केले. उत्पादन शुल्काचा परवाना वेगळा, औषध प्रशासनाचा वेगळा, बाळगायचा वेगळा, राज्याबाहेरून आणायचा वेगळा. त्यातला एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. रुग्णालयांनी शहाणपणा केला: मॉर्फीन ठेवणंच सोडून दिलं. कायदा आला त्या वर्षी देशात सुमारे सहाशे किलो मॉर्फीन औषध म्हणून वापरलं जात होतं; १९९७ साली ते १८ किलोंवर आलं.

अठरा किलो, एवढ्या मोठ्या देशाला.

त्यात डॉक्टरांच्या दोन पिढ्या तयार झाल्या. त्यांनी पुस्तकात मॉर्फीन वाचलं, परीक्षेत त्याचे दुष्परिणाम लिहिले आणि आयुष्यात एकदाही तोंडावाटे द्यायची गोळी लिहून दिली नाही. आमच्या तालुक्याचे डॉक्टर त्यांतलेच. त्यांना ते येत नव्हतं असं नाही, त्यांना ते कुणी देताना दिसलंच नव्हतं.

मॉर्फीन निघतं अफूतून. फेब्रुवारीत चितोडगडला जाताना मी मध्य प्रदेशात निमचच्या आसपासची अफूची शेतं पाहिली होती, आत्याच्या आजाराच्या बरीच वर्षं आधी. पांढरीशुभ्र फुलं, मधूनच फिकट गुलाबी, आणि खाली हिरवी बोंडं. डब्यातले एक गृहस्थ तिथलेच. ते सांगत होते: दुपारी बोंडाला बारीक चिरा पाडायच्या, रात्रभर चीक झरतो, पहाटे दव असतानाच खरवडून घ्यायचा. पट्टा, म्हणजे लागवडीचा परवाना, केंद्र सरकार देतं, जमीन मोजून. ठरलेलं उत्पन्न सरकारच्या काट्यावर आलं नाही तर पुढल्या वर्षी पट्टा नाही. पोपट बोंडं खातात म्हणून पोरं दिवसभर राखण बसतात. ही सगळी अफू सरकारी कारखान्यांत जाते, निमचला आणि गाझीपूरला, आणि त्यातला मोठा भाग दशकानुदशकं परदेशी औषध कंपन्यांसाठी बाहेर जात आला आहे. तेव्हा ते ऐकताना फक्त नवल वाटलं होतं. पुढं आत्याच्या खाटेशी बसलेलं असताना ती शेतं आठवायची आणि जीव तळमळायचा. आपल्याच मातीत पिकणारं औषध, आपल्याच शेतकऱ्याच्या पोरांनी राखलेलं, आणि फलटणला त्याची एक पट्टी नाही. आणि त्याच झाडाचं बी, खसखस, आत्याच्या फडताळात डबाभर होतं. दिवाळीत अनरसे ती खसखशीवर थापायची, एका हातानं, बोलत बोलत. त्याच खसखशीची पुडी सामानात घेऊन दुबईला जाऊ नका असं आपल्याकडं प्रत्येक निघणाऱ्याला बजावलं जातं, कारण तिथं ती बेकायदा आहे.

भीतीच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण ती बाजू पोकळ नाही. आपल्याकडं अफूची आठवण फार जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूची बाळगोळी देऊन निजवायच्या आणि पाळीवर जायच्या. त्यांना दुसरा इलाज नव्हता. पाळणाघर नव्हतं, पगार बुडवून चालत नव्हतं. त्यातली किती लेकरं सुकली ते कुणी मोजलं नाही. आज मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हटलं की लहान पोरालाही कळतं, संभाजीनगरात 'बटन' म्हटलं की कळतं. या झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या, अफूच्या कुळातल्या नव्हेत, पण त्या औषधाच्या दुकानातूनच फुटतात. माझ्या एका मैत्रिणीचा धाकटा भाऊ खोकल्याच्या औषधात असाच गेला. कोडीनचं औषध, तेही अफूच्याच कुळातलं, शंभर मिलिलिटरची बाटली. त्याची आई गादीखालच्या बाटल्या गोणीत भरून भंगारवाल्याला देताना मी पाहिली आहे. तिच्यासमोर उभं राहून मी "निर्बंध सैल करा" असं म्हणू शकत नाही. म्हणायचं असेल तर तिला पटेल अशा शब्दांत म्हणायला हवं.

अमेरिकेत काय झालं तेही डोळ्यांआड करता येत नाही. १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात काही ओळींचं पत्र छापून आलं होतं: रुग्णालयात अफूच्या कुळातली वेदनाशामकं दिलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन जडल्याची नोंद फक्त चौघांची. रुग्णालयातल्या, नर्सच्या देखरेखीखालच्या रुग्णांबद्दलचं ते पत्र. पुढं ते कंबरदुखी, गुडघेदुखी अशा वर्षानुवर्षांच्या दुखण्यांसाठी घरी गोळ्या देण्याचा पुरावा म्हणून शेकडो वेळा दाखवलं गेलं. १९९६ साली त्याच कुळातलं ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं, कंपनीचे प्रतिनिधी दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवू लागले, आणि व्यसनाचा धोका कमी असल्याचं सांगून औषध विकल्याचा गुन्हा कंपनीनं २००७ साली न्यायालयात कबूल केला. तोवर गावंच्या गावं गेली होती. पुढं हेरॉइन आलं, मग बाजारात चोरट्या मार्गानं बनलेलं फेंटानिल. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत तिथं अशा पदार्थांनी ऐंशी हजारांच्या वर माणसं मेली. न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण सांगते की मुलाची अक्कलदाढ काढली तेव्हा डॉक्टरनं लिहून दिलेल्या गोळ्या तिनं आणल्याच नाहीत, इतका धसका आहे.

म्हणून मॉर्फीन मोकळं करा, असं कुणी सरसकट म्हणालं तर मी त्याच्या बाजूची नाही.

पण केरळनं काही वेगळं करून दाखवलं. कालिकतला १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशामक सेवेची संस्था सुरू केली. गोळ्या घरी द्यायच्या, घरच्यांना शिकवायच्या, स्वयंसेवक घरोघरी जाणार, हिशेब ठेवणार. तिथं दोन वर्षांत सतराशेहून अधिक रुग्णांना तोंडावाटे मॉर्फीन दिलं आणि त्यातलं काही बाहेर फुटल्याचं, गैरवापर झाल्याचं एकही प्रकरण आढळलं नाही. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. हे आकडेही मी जपून वापरते. ते गंभीर आजाराच्या, ओळखीच्या, दर आठवड्याला कुणीतरी भेटणाऱ्या रुग्णांचे आहेत. मानदुखीची चिठ्ठी घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला ते लागू होत नाहीत. अमेरिकेत चूक झाली ती नेमकी इथं. गोळी तीच असते. पण एका घरात तिच्या पाठोपाठ नर्स येते, विचारते, मोजते. दुसरीकडं तिच्या पाठोपाठ फक्त विक्रीचं उद्दिष्ट येतं. कडक की सैल, एवढ्यावर हा वाद घालून काही उपयोग नाही. औषधाच्या मागोमाग माणूस जातोय का, हे विचारायला हवं.

आत्याच्या मागोमाग माणूस आला तो पुण्याच्या एका धर्मादाय केंद्रातून. शेजारच्या मास्तरांच्या सुनेनं ते नाव सांगितलं. डॉक्टर बाई तिशीतल्या, बोलायला सावकाश. त्यांनी आतेभावाला समोर बसवून एकेक गोष्ट वहीत लिहायला लावली. दर चार तासांनी एक गोळी, घड्याळाप्रमाणे, दुखायची वाट पाहायची नाही. रात्री झोपताना दोन, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागणार नाही. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फीननं बद्धकोष्ठ होतोच. पहिले काही दिवस गुंगी राहील, मळमळ होईल, मग कमी होईल. आतेभावानं विचारलं, "आईला सवय लागली तर?" बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, शरीराला सवय होते, ती आम्ही हळूहळू कमी करून सोडवू शकतो. नशेसाठी जीव तळमळणं वेगळं. ते होतंय का, तेही आम्ही बघणार आहोत." मग त्याचा खरा प्रश्न बाहेर आला. "म्हणजे आता शेवट आला का?" आपल्याकडं मॉर्फीन म्हणजे शेवट, असंच सगळ्यांना वाटतं. बाई म्हणाल्या, "हे दुखण्याचं औषध आहे. मरणाचं नाही."

दोन दिवसांनी आत्यानं सुनेच्या उपम्यात मीठ कमी असल्याची तक्रार केली. सून स्वयंपाकघरात येऊन रडली, आणि आम्हाला सगळ्यांना कळलं ती का रडतेय. दुखणं इतकं होतं तेव्हा आत्या कुणाशी भांडतच नव्हती. आता ती परत भांडायला लागली. कांद्याचा भाव काय निघाला, कालव्याला आवर्तन कधी सुटणार, थोरल्या नातीची फी भरली का. जावेनं दहा वर्षांपूर्वी नेलेलं पितळी घंगाळ परत आणायला लावलं. बद्धकोष्ठाला मात्र ती वैतागली, त्यावरून डॉक्टरांना फोनवर चार शब्द सुनावले. एक दिवस मला म्हणाली, "ये, इथं बस," आणि खाटेची कड थोपटली. कितीतरी दिवसांनी मी तिच्या खाटेवर बसले.

केंद्रातली सिस्टर दर आठवड्याला फोन करायची आणि विचारायची, "आजी, दुखणं दहापैकी किती?" आत्याला दहाचा हिशेब पटायचा नाही. तिचं सगळं मोजमाप आण्यांत. "बारा आणे होतं, आता चार आण्यावर आलंय," ती सांगायची. सिस्टर पलीकडं आकडा करून लिहून घ्यायची. एकदा मी केंद्रात गोळ्या आणायला गेले तेव्हा सिस्टरनं ते रजिस्टर दाखवलं. एका रकान्यात गोळ्या: किती दिल्या, किती रिकाम्या पट्ट्या परत आल्या, किती शिल्लक. शेजारच्या रकान्यात दुखणं. दोन्ही रकाने एकाच पानावर, आत्याच्या नावासमोर. आत्या गेल्यावर उरलेल्या गोळ्या आतेभाऊ परत देऊन आला. सिस्टरनं त्या त्याच्यासमोर मोजल्या, सही घेतली, आकड्याखाली रेघ मारली. त्या मोजण्याचा त्याला अपमान वाटला नाही. उलट घरी येऊन म्हणाला, "हिशेब चोख होता बघ त्यांचा." औषधाच्या दुकानात त्याची जी मान खाली गेली होती, ती तिथं गेली नाही. नियम दोन्हीकडं एकाच कायद्याचे होते.

तेव्हापासून मी जिथं जाईन तिथं तो दुसरा रकाना शोधते. सरकारी कागदांत तो नाही. गोळी फुटली तर पंचनामा होतो, गुन्हा नोंदतात, वर्तमानपत्रात येतं, विधानसभेत प्रश्न विचारतात. माणूस पदर दातांत धरून चार महिने पडून राहिला तर कुठल्याच खात्यात काही नोंद होत नाही. आरोग्य धोरण ठरवणारे लोक वाईट नसतात. त्यांच्या टेबलावर जे आकडे येतात त्यांच्या आधारानं ते ठरवतात. एका पारड्यात दर वर्षी नवे गुन्हे, नवी जप्ती, नव्या मृत्यूंची यादी पडत राहते. दुसऱ्यात पडायला काही येतच नाही. मग समतोल साधायचा तो कशाशी? २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं जगभराचा हिशेब मांडला तेव्हा मॉर्फीनसारखी औषधं वर्षाला २९८.५ टन वाटली जात होती आणि जगातल्या सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला त्यातलं ०.१ टन येत होतं. भारतात गरज शेकडा चारच भागत होती. वेदनेची बाजू मोजायचा एवढा मोठा प्रयत्न तोवर क्वचितच झाला होता.

कायदा बदलला, हेही सांगितलं पाहिजे, कारण त्यासाठी माणसांनी वर्षानुवर्षं दिल्लीच्या फेऱ्या मारल्या. २०१४ साली संसदेनं दुरुस्ती केली. मॉर्फीनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली, पुढच्या वर्षी त्यांचे नियम आले आणि ते सगळ्या राज्यांना एकसारखे झाले. वेगवेगळ्या परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरेशी. रुग्णालयात प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर हवा, साठा आणि वापर यांची नोंद हवी, एवढंच. आमच्या आतेभावाला दुकानदारानं चिठ्ठी उलटी करून दिली ती ही दुरुस्ती होऊन गेल्यावर. कायद्याचं कलम बदललं, तीस वर्षांत हाडात मुरलेली भीती बदलली नाही. ती बदलायला वेगळं काम लागतं, आणि ते दिल्लीत होणारं नाही.

मुंबईत वांद्र्याला कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं तसंच केंद्र १९९७ पासून. या माणसांनी सगळ्यात वाईट काळातही दार उघडं ठेवलं. पण ती मुंबई-पुण्यात आहेत, आणि मणक्यात कॅन्सर उतरलेल्या माणसाला दिवे घाट हा देशाच्या सीमेएवढा दूर असतो. दुसरीकडं २०२५ च्या सुरुवातीला बातमी आली की मुंबईच्या एका कंपनीत तयार झालेल्या टॅपेंटाडॉल हे वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध, यांच्या मिश्रणाच्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जाताहेत. मग केंद्रानं त्या मिश्रणाची निर्यात बंद केली. बरं झालं. पण ते वाचताना मला राग आवरला नाही. खोकी भरभरून समुद्रापलीकडं जाणाऱ्या गोळ्या कुणाला दिसल्या नव्हत्या, आणि फलटणच्या काउंटरवर एका म्हातारीसाठीची चिठ्ठी सगळ्यांना दिसत होती.

माझ्या मैत्रिणीच्या आईला मी हे सगळं एकदा सांगितलं, आत्याचं, रजिस्टरचं, दोन रकान्यांचं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्याकडं असं कोण मोजायला आलं असतं तर." मला वाटलं होतं त्या माझ्या विरुद्ध बोलतील. त्यांच्या पोराला बाटली देणारंही औषधाचं दुकानच होतं, न विचारता देणारं. आणि पोरगा तडफडत होता तेव्हा तालुक्याला व्यसन सोडवणारा डॉक्टरही नव्हता. गोळी न मिळून झालेला छळ आणि गोळी मिळून झालेला छळ, दोन्हींत मोजणारं, विचारणारं माणूस गायब होतं.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. आमच्या तालुक्याच्या समितीला मी अर्ज दिला आहे, आतेभावाची सही आधी, माझी नंतर. त्यात तीनच मागण्या आहेत. जिल्हा रुग्णालयानं मॉर्फीनची मान्यता घेऊन एका डॉक्टरला प्रशिक्षणाला पाठवावं. गोळ्या तालुक्याला मिळाव्यात आणि रिकाम्या पट्ट्या तालुक्यालाच परत घ्याव्यात. आणि घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंच्या नोंदवहीत, लसीकरण आणि बाळंतपणाच्या रकान्यांसोबत, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला 'दुखतंय का, किती' हे विचारून लिहायचा एक रकाना वाढवावा, आणि त्या कामाचा मोबदला त्यांना वेगळा द्यावा. अर्जाची पोच मिळाली आहे. समितीची बैठक पुढल्या महिन्यात आहे, आम्ही दोघं जाणार आहोत.